हात वर केला की थांबायचं

घाटात बस वळणं घेऊ लागली की मागच्या बाकांवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांची शोधाशोध सुरू होते. शाळेच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नको. लिंबू, आवळासुपारी, आल्याच्या वड्या असं सगळं बरोबर घेतलेलं असतं, तरी चार-दोन मुलांना गाडी लागतेच. चालकाला मात्र गाडी लागल्याचं आपण सहसा ऐकत नाही. गाडी तीच, वळणं तीच, हेलकावे तेच. ‘त्याला सवय असते’ हे उत्तर चटकन सुचतं, पण ते पुरेसं नाही. मागे बसल्यावर हमखास मळमळणाऱ्या कित्येकांना स्वतः गाडी चालवताना काहीच होत नाही.

१९९१ साली रॉल्निक आणि लुबो या संशोधकांनी याचा प्रयोग केला. त्यांनी माणसांच्या जोड्या करून त्यांना फिरत्या यंत्रात बसवलं. जोडीतल्या एकाच्या हाती यंत्र फिरवण्याची सोय होती. दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं, पण त्याला हेलकावे मात्र अगदी तेवढेच, त्याच वेळी बसत होते. ज्यांच्या हाती सूत्रं होती त्यांना त्रास कमी झाला.

यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. पुढचं वळण केव्हा येणार हे आधी कळणं ही एक, आणि ते वळण घेणं आपल्या हातात असणं ही दुसरी. हा फरक लक्षात ठेवू या, कारण आम्हांला खरं बोलायचं आहे ते बसबद्दल नाही, तर दातांच्या डॉक्टरांकडच्या खुर्चीबद्दल.

शाळेत दंततपासणी होते. मुलांच्या हाती चिठ्ठ्या जातात : ‘दाढ किडली आहे, उपचार करून घ्यावेत.’ पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी होते आणि त्यातल्या बऱ्याच मुलांची तीच दाढ आणखी किडलेली सापडते. पैसे नाहीत, दवाखाना लांब आहे, आईवडिलांना कामावरून सुटी मिळत नाही, ही कारणं खरीच आहेत. पण दवाखाना कोपऱ्यावर आणि हातात पैसे असतानाही जी माणसं जात नाहीत, त्यांचं काय? त्यांत शिकलेली माणसं असतात, आणि (रागावू नका) शिक्षकही असतात. लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून, दुसऱ्या बाजूने चावून, गावाकडे तर मिश्री लावून दिवस काढले जातात.

या भीतीचं मोजमाप करण्यासाठी अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात फक्त चार प्रश्न आहेत. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचं आहे, कसं वाटतंय? बाहेर बाकावर नंबर यायची वाट पाहत आहात, कसं वाटतंय? खुर्चीत बसला आहात आणि डॉक्टर दात कोरायचं यंत्र तयार करत आहेत, आता? खुर्चीत बसला आहात आणि दात साफ करायची हत्यारं काढली जात आहेत, आता? प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण गुण चार ते वीस. पुढे जगभर ही प्रश्नावली वापरली गेली.

हे चारही प्रश्न पुन्हा वाचून पाहा. एकाही प्रश्नात दाताला अजून कशाचा स्पर्शसुद्धा झालेला नाही! म्हणजे जे मोजलं जातंय ते दुखणं नव्हे. आता आपल्यावर जे होईल ते कसं होईल, किती होईल, आणि नको झालं तर आपल्याला काय करता येईल, याची ही धास्ती आहे.

त्या खुर्चीत माणसाची अवस्था कशी असते पाहा. तो उताणा असतो. तोंड उघडं, त्यात आरसा, हत्यार आणि लाळ ओढणारी नळी, त्यामुळे बोलता येत नाही. जे चाललंय ते त्याच्या नाकाखालीच चालतं, पण त्याला दिसत नाही. यंत्राचा आवाज कानावाटे येतो तसाच जबड्याच्या हाडातूनही येतो, म्हणून तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला वाटतो त्याहून कितीतरी मोठा वाटतो. वैद्यकातल्या इतर बऱ्याच तपासण्यांत आपण ‘आई गं’ तरी म्हणू शकतो. इथे तीही सोय नाही. पोटावरचं ऑपरेशन याहून कितीतरी मोठं असतं, पण तेव्हा माणूस झोपेत असतो. दाताच्या उपचारात तो पूर्ण जागा असतो आणि तरीही त्याच्या हाती काही नसतं.

दुखण्याची बाजूही थोडी समजून घेऊ. दाताच्या वरच्या कठीण आवरणात, म्हणजे एनॅमलमध्ये, संवेदना नसते. त्याच्या खालच्या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. थंडी, हवेचा झोत, कोरणं यांमुळे हा द्रव हलतो आणि आतल्या मगजाजवळचे मज्जातंतू चेतवले जातात. ही कळ थांबवण्यासाठी लिग्नोकेनसारखं औषध टोचून जागा बधिर करतात. हे औषध मज्जातंतूंमध्ये सोडियमच्या कणांना आत शिरण्याचे मार्ग बंद करतं, त्यामुळे संदेश पुढे जातच नाही. पण वेदनेचे तंतू बारीक असतात आणि लवकर बधिर होतात. दाब आणि थरथर कळवणारे जाड तंतू पुष्कळदा थोडेफार जागे राहतात. म्हणून दाढ काढताना दुखलं नाही तरी कुणीतरी जबडा दाबतंय, ओढतंय, हे कळत राहतं. शिवाय बधिर करण्याच्या औषधात बहुधा थोडं अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं असतं. त्याने औषध त्या जागी जास्त वेळ टिकतं, पण काही जणांची छाती थोडा वेळ धडधडते. आधी सांगितलं नसेल तर ती धडधड माणूस भीतीचीच समजतो, आणि आणखी घाबरतो.

आता उशीर करणाऱ्याचं काय होतं ते पाहा. कीड खोल जाते, मगजाला सूज येते, पू होतो. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि आम्लतेत लिग्नोकेनचं काम नीट होत नाही, कारण औषधाचा जो भाग मज्जातंतूत शिरू शकतो त्याचं प्रमाण घटतं. म्हणजे जो भीतीने वर्षभर थांबला त्यालाच भूल कमी चढते, त्यालाच जास्त दुखतं, आणि ‘मी म्हणतच होतो’ असं म्हणत तो पुन्हा काही वर्षं फिरकत नाही. स्वीडनमधले दंतवैद्य उल्फ बेर्गग्रेन यांनी १९८४ साली या दुष्टचक्राचं वर्णन केलं होतं. त्यात त्यांनी आणखी एक दुवा दाखवला, तो लाजेचा. दात जितके खराब तितकं तोंड उघडून दाखवायला लाज वाटते. ही लाज मुलांनाही वाटते, हे आपण वर्गात विसरतो.

हे चक्र तोडायचं कुठे? भीती दुखण्याहून वेगळी आहे आणि ती हाती काही नसण्यातून येते, हे खरं असेल तर हाती काहीतरी दिल्यावर ती कमी व्हायला हवी. त्याचा पुरावा दवाखान्याबाहेरच्या एका प्रयोगात आधी मिळाला.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६९ ते १९७२ च्या सुमारास गोंगाटावर प्रयोग केले. गोंगाट मोठा विचित्र होता. दोन माणसं स्पॅनिशमध्ये आणि एक आर्मेनियन भाषेत बोलते आहे, जोडीला टंकलेखन यंत्र, आकडेमोडीचं यंत्र आणि चक्रमुद्रण यंत्र, असं सगळं एकावर एक ध्वनिमुद्रित केलेलं! १०८ डेसिबलच्या सुमाराचा हा आवाज मध्येच, केव्हाही, काही सेकंद यायचा. एका गटाच्या लोकांना समोरचं एक बटण दाखवून सांगितलं होतं : फारच असह्य झालं तर हे दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. दुसऱ्या गटाला बटण नव्हतं. बटण मिळालेल्यांपैकी जवळपास कुणीही ते दाबलं नाही. म्हणजे दोन्ही गटांच्या कानांवर सारखाच आवाज पडला.

मग आवाज बंद करून दोन्ही गटांना शांतपणे कामं दिली. एक होतं मुद्रितं तपासण्याचं. दुसरं होतं पेन्सिल न उचलता आणि एकाच रेषेवरून दोनदा न जाता आकृती काढण्याचं. यातल्या काही आकृत्या मुळात तशा काढताच येत नाहीत. कोनिग्जबर्गच्या पुलांचं कोडं ज्यांनी वर्गात घेतलं असेल त्यांना यातली मेख कळेल. न सुटणाऱ्या कोड्याशी माणूस किती वेळ झटतो हेच त्यांना पाहायचं होतं. बटण असलेले लोक कितीतरी जास्त वेळा प्रयत्न करत राहिले आणि मुद्रितांतल्या चुकाही त्यांनी जास्त पकडल्या. बटण नसलेल्यांनी लवकर नाद सोडला.

इथे आवाज केव्हा येणार हे दोन्ही गटांना माहीत नव्हतं. वर आपण जो फरक लक्षात ठेवायला सांगितला तो इथे उपयोगी पडतो. पुढचं आधी कळण्याचा फायदा इथे कुणालाच नव्हता. फरक होता तो फक्त बटणाचा, आणि तोही न दाबलेल्या बटणाचा.

मेंदूत काय होतं, याचा थोडाफार उलगडा नंतर झाला. २००४ साली सॅलोमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या त्वचेला उष्णतेचा चटका देताना मेंदूची चित्रं घेतली. चटके सारखेच होते. पण आपण चटका आवरू शकतो असं ज्यांना वाटत होतं त्या वेळी मेंदूतले वेदनेशी निगडित काही भाग कमी चेतवले गेले. त्याहून विलक्षण गोष्ट मायर आणि सेलिगमन यांची. १९६७ साली त्यांनी दाखवलं होतं की ज्या कुत्र्यांना विजेचा झटका कशानेही थांबवता येत नाही, ती पुढे सुटण्याचा मार्ग समोर असूनही धडपड करत नाहीत. याला त्यांनी शिकलेली हतबलता म्हटलं. (हे प्रयोग वाचताना आम्हांला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं.) पुढे मायर यांनी उंदरांच्या मेंदूचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि २०१६ साली दोघांनी मिळून आपलं जुनं म्हणणं उलटं फिरवलं. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं हा मेंदूचा मूळ प्रतिसाद आहे, तो शिकावा लागत नाही. शिकली जाते ती ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ ही गोष्ट. ती कळली की मेंदूचा पुढचा भाग मस्तिष्कस्तंभातल्या त्या मूळ प्रतिसादाला आवर घालतो. शिक्षकांनी यावर विचार करावा असं आम्हांला वाटतं, कारण गणिताच्या तासाला गप्प बसून राहणारं मूल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

दंतवैद्यांनी याचा उपयोग कसा केला? पुन्हा कोरा यांच्याकडे वळू. १९७३ साली त्यांनी मुलांच्या हाती एक छोटी पेटी दिली. तिच्यावर दोन बटणं होती. एकाने हिरवा दिवा लागे, म्हणजे चालू द्या. दुसऱ्याने लाल, म्हणजे थांबा. तळहाताला सुटणाऱ्या घामामुळे त्वचेतून वीज वाहण्यात जो बदल होतो तो मोजला. उपचारातल्या जास्त ताणाच्या टप्प्यांवर पेटी असलेल्या मुलांचा प्रतिसाद सौम्य होता. सगळ्याच टप्प्यांवर तसा फरक पडला नाही, आणि नंतरच्या निरनिराळ्या अभ्यासांतही परिणाम कुठे जास्त, कुठे कमी दिसला आहे. हा काही जादूचा मंत्र नाही. पण पेटीचीसुद्धा गरज नसते, डावा हात वर करणं पुरतं. म्हणून ही पद्धत जगभर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवली जाते.

पद्धत साधी दिसते, तरी ती मोडते कुठे हेही पाहायला हवं. हात वर केला आणि डॉक्टर ‘झालंच, झालंच’ म्हणत काम करत राहिले, की तो संकेत संपला. संकेत नसता तर जेवढा विश्वास राहिला असता तेवढाही मग राहत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर सुरुवातीलाच, यंत्र चालू करण्याआधी, रुग्णाला एकदा हात वर करायला लावतात आणि खरोखर थांबून दाखवतात. लहान मुलं पहिल्या काही मिनिटांत दोन-तीनदा हात वर करून बघतात. ती खोडी नसते, त्यांची ती परीक्षा असते. त्या परीक्षेत डॉक्टर पास झाले की हात आपोआप खाली राहतो. बाहेर पंधरा माणसं खोळंबलेल्या सरकारी दवाखान्यात यासाठी वेळ कुठून आणायचा, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण डोकं हलवणाऱ्या, हात धरणाऱ्या, तोंड मिटणाऱ्या मुलावर जो वेळ जातो त्याचाही हिशोब करायला हवा.

काही क्षण असे असतात की अध्येमध्ये थांबणं सोयीचं नसतं. तिथे वेगळी युक्ती करतात : ‘मी पाच अंक मोजेपर्यंत काम करणार, मग विश्रांती.’ आणि पाचाला थांबायचं म्हणजे थांबायचं, ‘साडेपाच’ नाही. त्रासाला शेवट आहे आणि तो कुठे आहे हे कळणं, हाही एक प्रकारचा ताबाच. दुसरी जुनी रीत म्हणजे आधी सांगा, मग दाखवा, मग करा. अ‍ॅडेल्स्टन या दंतवैद्यांनी १९५९ साली ती मुलांसाठी मांडली. यंत्राचा ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा, मग दातावर. भूल नीट चढलेली नसताना नुसतं ‘हात वर कर’ म्हणणं मात्र फसवणूक आहे. ताबा हे भुलेच्या जोडीने द्यायचं औषध आहे, तिच्या बदली द्यायचं नव्हे.

आणि प्रत्येकाला ताबा हवाच असतो असंही नाही. आयोवा विद्यापीठातल्या लोगन, बॅरन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवलं की सर्वांत जास्त त्रास होतो तो ज्यांना ताबा हवा असतो आणि आपल्याकडे तो नाही असं वाटतं, त्यांना. ‘डॉक्टर, काय करायचं ते करा, मला सांगू नका’ म्हणून डोळे मिटणारे लोकही असतात, आणि त्यांना प्रत्येक हत्याराची माहिती देत बसलं तर ते उगाच घाबरतात. कोण कसा आहे हे ओळखायचं कसं? आमच्या मते विचारूनच : ‘काय करतोय ते सांगत जाऊ, की झाल्यावर सांगू?’ हा प्रश्न विचारणं म्हणजेच थोडा ताबा देणं झालं.

वर्गात याची चुणूक दाखवायची असेल तर फुग्यांचा एक प्रयोग करता येईल. तीन मुलं एकमेकांपासून सारख्या अंतरावर उभी करा. मधोमध हात लांब करून फुगा धरा. पहिल्या मुलाच्या हाती टाचणी, फुगा केव्हा फोडायचा हे त्याने ठरवायचं. दुसऱ्याने फुग्याकडे आणि टाचणीकडे बघत राहायचं. तिसऱ्याने डोळे मिटायचे. कोण किती दचकतं ते बाकीच्या वर्गाने पाहायचं आणि नोंदायचं. पाच-सहा वेळा, मुलं आणि जागा बदलून करा, म्हणजे स्वभावाचा भाग वेगळा काढता येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक कशाचा, पहिल्या आणि दुसऱ्यातला कशाचा, यावर मुलांना वाद घालू द्या. फुगा चेहऱ्यापासून दूर हवा, आणि ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला ‘नको’ म्हणायची मुभा हवी. या प्रयोगात तर ती हवीच.

शाळेत तपासणी येण्याआधी शिक्षकांनी काय सांगावं? ‘काही दुखणार नाही’ हे सांगू नये. पहिल्या टोचणीला ते खोटं ठरतं आणि मग आपलं बाकीचं बोलणंही खोटं ठरतं. ‘मस्ती केलीस तर दातांच्या डॉक्टरांकडे पाठवीन’ हे तर चुकूनही नको. त्याऐवजी नेमकं सांगावं : आज फक्त आरशाने बघणार आहेत. ज्यांची दाढ भरायची असेल त्यांना हिरडीत टोचल्याचं थोडा वेळ कळेल, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल. तो दोन-तीन तासांत पूर्ववत होतो, तोवर तो चावायचा नाही. निवड द्यावी ती खरी द्यावी. ‘उपचार करायचा का?’ असं विचारलं आणि मूल ‘नाही’ म्हणालं, तर आपल्याला ते मानता येणार नसतं. मग विचारूच नये. ‘आधी कुठली बाजू?’, ‘आईचा हात धरायचा की मैत्रिणीचा?’ हे विचारता येतं.

पालकांशी बोलताना एका दाढेचा उल्लेख जरूर करावा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. दात पडलेला नसल्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती किडली तर ‘बाई, दुधाचीच आहे, पडेल की’ असं उत्तर मिळतं. ती दुधाची नसते. ती कायमची असते, आणि तिच्यानंतर तिथे दुसरी येत नाही. तिची कीड लहान असताना मूल गेलं तर काम थोड्या मिनिटांचं असतं, बऱ्याचदा दुखतही नाही, आणि खुर्चीची पहिली आठवण चांगली राहते. चिठ्ठी घरी पाठवताना तिच्या मागे आपल्या अक्षरात एक ओळ लिहायला हरकत नाही : ‘डॉक्टरांना आधीच विचारा, मुलाने हात वर केला तर तुम्ही थांबाल ना?’